गँग, जीन

गँग, जीन : (१९६४– ). अमेरिकन वास्तुविशारद, शिकागोतील ‘स्टुडिओ गँग’च्या संस्थापक. जन्म इलिनॉय राज्यातील बेल्व्हिडीर येथे. इलिनॉय विद्यापीठातून पदवी (१९८६) आणि हार्वर्डमधून वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी (१९९३) घेऊन त्यांनी रॉटरडॅमला डच वास्तुविशारद रेम कूल्हास यांच्या कार्यालयात काम केले. १९९७ मध्ये शिकागोत स्वतःचा स्टुडिओ काढला. २०११ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

त्यांचे नाव झाले ते शिकागोच्या ८२ मजली ‘ॲक्वा’ टॉवरमुळे. मुळात ही इमारत म्हणजे काचेचा सरळसोट चौकोनी खोका. सगळी करामत स्लॅबची आहे. प्रत्येक मजल्याचा स्लॅब भिंतीबाहेर कमीजास्त, कुठे कुठे १२ फुटांपर्यंत निघतो आणि खालून पाहताना दर्शनी भागावर लाटा उठल्यासारखे वाटते. हा निव्वळ नखरा नव्हे. हे सज्जे ऊन अडवतात, शेजारच्या इमारतींच्या फटींतून शहर पाहता येईल असे काढले आहेत आणि वाऱ्याचा जोर मोडतात. स्थलांतरी पक्षी काचेवर आपटून मरू नयेत, हाही विचार त्यामागे होता. गँग यांच्या पुढच्या कामांतही तो टिकून आहे.

शिकागोतीलच ‘सेंट रेजिस’ (२०२०, १०१ मजले, सुमारे ३६३ मी.) ही स्त्री वास्तुविशारदाने रचलेली जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून वृत्तपत्रांत गाजली. त्याहून लक्षणीय तिचा ८३ वा मजला: वारा आरपार जावा म्हणून तो उघडाच ठेवला आहे.

लहान कामांत मिशिगन राज्यातील कॅलामझू कॉलेजचे आर्कस सेंटर (२०१४) पाहण्यासारखे आहे. ‘व्हाइट सीडर’ झाडांचे ओंडके आडवे रचून, मधे बांधकामाचा मसाला भरून त्याच्या भिंती उभारल्या आहेत.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील गिल्डर सेंटर (२०२३) आतून गुहेसारखे दिसते. सळयांच्या जाळ्यावर काँक्रीटचा थेट फवारा मारून त्याचे वळणदार अंतरंग घडवले आहे. नेहमीचे शटरिंग (काँक्रीट ओतण्यासाठी बांधलेला साचा) तिथे वापरलेले नाही. या तंत्राचे मूळ असलेली ‘सिमेंट गन’ (सिमेंटचा फवारा मारणारे यंत्र) विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल एकली यांनी शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये, इमारतीच्या दुरुस्तीसाठी तयार केली. एकली मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरण्याच्या कलेतले तज्ज्ञ. पुढे ते न्यूयॉर्कच्या याच संग्रहालयात आले आणि आफ्रिकी सस्तन प्राण्यांचे तिथले दालन आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.