व्हिडिओचा वेग आणि ३६०० हा आकडा

व्हिडिओचा वेग बदलून देणाऱ्या ॲपच्या जाहिरातीत ‘दर्जा अजिबात कमी न होता’ हे शब्द हमखास असतात आणि त्यातून बाहेर पडणारा व्हिडिओ बऱ्याचदा मूळच्यापेक्षा धूसर असतो. त्यामुळे वेगाला हात लावला की चित्र थोडेफार खराब होणारच, असा समज रूढ झाला आहे. वास्तविक वेगाचा आणि चित्राच्या दर्जाचा थेट संबंध नाही. वेग बदलताना सॉफ्टवेअर आणखी एक काम न सांगता उरकून घेते आणि चित्र बिघडते ते त्या कामामुळे.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एमपी४ फाइलमध्ये ही चित्रे, म्हणजेच फ्रेम, एका जागी साठवलेल्या असतात आणि कोणती फ्रेम किती वेळ दाखवायची याचा तक्ता वेगळा असतो. एका सेकंदाचे आपण किती भाग मानले आहेत, समजा ९००००, हे फाइल आधी नोंदवते आणि मग प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला त्यातले किती भाग आले ते तक्त्यात लिहिलेले असते. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला ३६०० भाग येतात. हा आकडा सगळीकडे १८०० केला की तोच व्हिडिओ दुप्पट वेगाने धावतो. ७२०० केला की निम्म्या वेगाने चालतो. याहून मौजेची गोष्ट म्हणजे तक्ता जसाच्या तसा ठेवून सेकंदाचे भाग ९०००० ऐवजी १८०००० मानले तरीही वेग दुप्पटच होतो. एकूण लांबीची नोंद तेवढी जुळवून घ्यावी लागते. दोन्ही प्रकारांत चित्रांच्या साठ्यातला एक बिटही हलत नाही.

मात्र या तक्त्यात एक गुंतागुंत आहे. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ सारख्या, व्हिडिओ कमी जागेत साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र येते, त्याला आय फ्रेम म्हणतात. पी फ्रेममध्ये आधीच्या चित्रापासून झालेला बदल तेवढा असतो, तर बी फ्रेम सहसा आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही चित्रांचा आधार घेते. पहिली फ्रेम आय, चौथी पी आणि मधल्या दोन बी असतील, तर दाखवण्याचा क्रम १, २, ३, ४ असला तरी उलगडण्याचा, म्हणजे साठवलेल्या माहितीतून चित्र तयार करण्याचा, क्रम १, ४, २, ३ असा ठेवावा लागतो, कारण चौथी हाती आल्याशिवाय दुसरी पूर्ण होत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमला उलगडण्याची एक आणि दाखवण्याची एक, अशा दोन वेळा असतात. दोन्ही वेळांना एकाच संख्येने गुणले, तर हा सगळा डोलारा जसाच्या तसा उभा राहतो. फक्त दाखवण्याच्या वेळा निम्म्या केल्या, तर अजून न उलगडलेली फ्रेम दाखवण्याची पाळी येऊन चित्र अडखळू लागते.

बहुतेक ॲप या वाटेला जातच नाहीत. ती सर्व फ्रेम उलगडतात, नव्या वेगाला हव्या तेवढ्या ठेवतात आणि पुन्हा एन्कोड करतात, म्हणजे कमी जागेत मावतील अशा रीतीने नव्याने साठवतात. एन्कोड करताना चित्राच्या छोट्या छोट्या चौकोनांचे आकड्यांत रूपांतर होते आणि प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागून भागाकार पूर्णांकात बसवला जातो. मूळ आकडा ३४ आणि भाजक १० असेल, तर ३ उरतात आणि उलगडताना ३० मिळतात. पुढच्या खेपेस भाजक १४ असेल, तर त्या ३० चे २८ होतात. सूक्ष्म तपशिलाचे आकडे मुळातच लहान असल्यामुळे ते शून्यावर येतात, आणि साडीच्या जरीची नक्षी किंवा झाडाची पाने लगदा झाल्यासारखी दिसतात.

‘एफएफएमपेग’ या मोफत साधनात दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत. ‘सेटपीटीएस’ हा सर्रास सुचवला जाणारा मार्ग पुन्हा एन्कोड करायला लावतो; ‘आयटीएसस्केल’ हा पर्याय ‘कॉपी’सोबत वापरल्यास फक्त वेळा बदलतात. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. काम काही सेकंदांत आटोपले आणि व्हिडिओ निम्म्या लांबीचा होऊनही फाइलचा आकार जवळजवळ तेवढाच राहिला, तर चित्र अबाधित आहे असे समजावे.

आवाजाला ही युक्ती लागू पडत नाही. सेकंदाला अमुक इतके नमुने, बहुधा ४८०००, हा ध्वनीचा दर ठरलेला असतो, त्यामुळे आवाज नव्याने घडवावा लागतो. पाल पद्धतीचे दूरचित्रवाणी प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचे आणि चित्रपट २४ फ्रेमचे. म्हणून ती पद्धत वापरणाऱ्या देशांत चित्रपट चार टक्के अधिक वेगाने चालवण्याची प्रथा होती. आपल्या भाषेत ३७५० चे ३६०० झाले आणि अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपला. आवाजाची दुरुस्ती केली नाही, तर गाण्याची पट्टीही चढत असे, हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे सात दशांश इतकी. ज्यांचे कान तयार आहेत त्यांना हे खटकण्याजोगे होते.

वेग कमी करताना दर्जाचा प्रश्न वेगळ्या दारातून आत येतो. २४ फ्रेमचा व्हिडिओ चौपट संथ केला की सेकंदाला फक्त सहा चित्रे उरतात. ती स्वच्छ असतात, पण हालचाल धक्के खात होते. मधल्या जागा भरण्यासाठी काही सॉफ्टवेअर शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात, त्यामुळे चालणारा माणूस दोन ठिकाणी अर्धपारदर्शक दिसतो. ‘संथ करून पाहा, भूत दिसेल’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी कित्येकांतले भूत याच बेरजेतून जन्मलेले असते. हालचालीचा माग काढून मधली चित्रे रचणारी, हल्ली ‘एआय’ म्हणून विकली जाणारी पद्धत अधिक देखणी असते, परंतु तिने रचलेली फ्रेम हा अंदाज असतो. चेंडू बॅटला लागला की नाही याचा निवाडा अशा फ्रेमवरून करू नये.

खरी संथ गती हवी असेल, तर जास्त फ्रेम चित्रीकरणाच्या वेळीच टिपाव्या लागतात. २४० फ्रेमने टिपलेला एक सेकंद ३० च्या दराने आठ सेकंद चालतो. अशा वेळी प्रत्येक फ्रेमला १/२४० सेकंदाहून अधिक प्रकाश मिळू शकत नाही, म्हणून खोलीतले चित्रण काळवंडते आणि त्यात दाणे दिसतात. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या चोकवरची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. एरवी डोळ्यांना न जाणवणारी ही लुकलुक २४० फ्रेममध्ये स्पष्ट पकडली जाते आणि नंतर वेगाचा कोणताही आकडा बदलून ती जात नाही. असे चित्रण दिवसाउजेडी, उघड्यावर करावे.