गुन्ह्यांची संख्या आणि गुन्ह्यांचा दर: भाड्याने द्यायला घर घेताना कोणता आकडा धरायचा?

भाड्याने देण्यासाठी घर बघायला लागलं की कधी ना कधी माणूस त्या भागातल्या गुन्ह्यांची आकडेवारी उघडतो. समोर दोन रकाने येतात. एकात लिहिलेलं असतं ‘एकूण गुन्हे’, दुसऱ्यात ‘गुन्ह्यांचा दर’. बहुतेक जण दोन्ही एकाच गोष्टीची दोन नावं समजून मोठा दिसेल त्या आकड्याला घाबरतात. थोडा अभ्यास केलेला माणूस म्हणतो, संख्या सोडा, दर बघा. त्याचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे, आणि घर घेणाऱ्याचा घोटाळा उरलेल्या अर्ध्यात होतो.

संख्या म्हणजे निव्वळ मोजदाद: वर्षभरात इथे इतके गुन्हे नोंदले गेले. दर काढायचा तर त्या संख्येला कशाने तरी भागावं लागतं, बहुतेक वेळा तिथे राहणाऱ्या लोकसंख्येने. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आणि अमेरिकेत एफबीआय, दोघेही दर एक लाख लोकसंख्येमागे देतात. शाळेच्या भाषेत सांगायचं तर संख्या हा नुसता अंश आणि दर हा अंश-छेद दोन्ही असलेला अपूर्णांक. छेद आला की गणित शहाणं झाल्यासारखं वाटतं. पण छेदात काय घातलंय हे कुणी विचारत नाही.

लंडन शहराच्या पोटातला ‘सिटी ऑफ लंडन’ हा छोटा भाग घ्या. २०२१च्या जनगणनेत तिथे साधारण ८,६०० रहिवासी होते. कामाला मात्र रोज लाखो लोक येतात. चोरी होते त्या लाखोंच्या बॅगांची आणि भागाकार होतो ८,६००ने. असा दर इतका फुगतो की ब्रिटनची सांख्यिकी संस्था या भागाचा दर इतरांच्या रांगेत मांडतच नाही. बाजारपेठ, स्टेशन, महाविद्यालय, मोठं रुग्णालय यांच्या आसपासच्या कुठल्याही वस्तीत हेच लहान प्रमाणावर घडतं. दिवसाची गर्दी अंशात मोजली जाते, छेदात नाही.

संख्येचं दुखणं वेगळं. मोठ्या वस्तीत गुन्हे जास्तच असणार, त्यामुळे दहा हजार घरांच्या भागाची पाचशे घरांच्या भागाशी संख्येवर तुलना करणं म्हणजे मोठ्या पातेल्यात जास्त भात आहे म्हणून तो चविष्ट समजण्यासारखं आहे.

आता एक कल्पित उदाहरण कागदावर मांडू. पहिली वस्ती बाजाराला लागून: वर्षाला ३६० गुन्हे, ६,००० रहिवासी, २,५०० घरं. दुसरी आतल्या बाजूला, शांत: १८० गुन्हे, ४,५०० रहिवासी, १,५०० घरं. संख्येने पहिली दुप्पट वाईट. दराने हजार माणसांमागे पहिलीत ६०, दुसरीत ४०, म्हणजे तरीही पहिलीच दीडपट वाईट. दोन्ही रकाने एकाच दिशेला बोट दाखवतात, त्यामुळे निर्णय सोपा वाटतो.

पण ३६० उघडून बघा. त्यात २१० दुकानांतल्या चोऱ्या, ९० पाकीटमारी आणि बॅग पळवण्याचे प्रकार, ४० इतर आणि घरफोड्या फक्त २०. दुसऱ्या वस्तीच्या १८० मध्ये घरफोड्या २७. घर घेणाऱ्यासाठी छेद माणसं नव्हेत, घरं. पहिलीत हजार घरांमागे ८ घरफोड्या पडतात, दुसरीत १८. शांत दिसणारी वस्ती दुपटीहून जास्त जोखमीची निघाली, आणि आपण फक्त अंशात घरफोड्या आणि छेदात घरं घातली.

ही काही माझी शक्कल नाही. १९६५मध्ये सेंट लुईस शहराच्या आकडेवारीवर काम करताना सारा बॉग्ज या संशोधिकेने हेच मांडलं होतं: गुन्ह्याला जे लक्ष्य मिळतं त्याच्याच संख्येने भागा. अमेरिका आणि इंग्लंडमधली घरोघरी जाऊन ‘तुमच्याकडे चोरी झाली का’ असं विचारणारी सरकारी सर्वेक्षणंही घरफोडीचा दर हजार माणसांमागे न देता हजार कुटुंबांमागे देतात. वस्तीच्या पातळीवर हे तयार मिळत नाही. घरफोड्यांची संख्या वेगळी काढायची, घरांची संख्या जनगणनेतून किंवा पालिकेच्या नोंदीतून घ्यायची आणि भागाकार आपणच करायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण लाखोंचा व्यवहार करणारी माणसंसुद्धा ते टाळतात.

मग संख्या फेकून द्यायची का? नाही, आणि इथे भाड्याच्या घराचं गणित स्वतः राहायच्या घरापेक्षा वेगळं होतं. तुमचं नुकसान दराप्रमाणे होतं: कुलूप तुटणं, खिडकी फुटणं, विम्याचा हप्ता वाढणं. पण भाडेकरू बिचकतो तो संख्येला. तो नकाशा उघडतो, लाल ठिपक्यांचा दाट पुंजका बघतो आणि पुढच्या घराकडे वळतो. त्याला छेदाशी देणंघेणं नाही. म्हणजे घर किती दिवस रिकामं पडेल आणि भाडं किती उतरवावं लागेल हे बऱ्याच अंशी संख्या ठरवते. एक तुमच्या खर्चाचा आकडा, दुसरा तुमच्या मागणीचा. वरच्या उदाहरणातली बाजाराजवळची वस्ती विकत घेताना स्वस्त मिळण्याची शक्यता आहे ती यामुळेच. आणि रिकामं पडलेलं घर चोरालाही दिसतं, हे विसरू नका.

भाडेकरूची भीती अगदीच खुळी असते असंही मी म्हणणार नाही. रात्री दहाला स्टेशनवरून चालत यायचं त्यालाच आहे, मालकाला नाही. ९० पाकीटमाऱ्या तुमच्या भिंतीला लागत नसल्या तरी त्याच्या खिशाला लागू शकतात.

ठिपक्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११पासून रस्त्यानिहाय गुन्ह्यांचा नकाशा लोकांना खुला आहे. पण तक्रारदाराची ओळख झाकण्यासाठी त्यातला ठिपका नेमक्या घरावर न ठेवता जवळच्या एका ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो. तुमच्या होऊ घातलेल्या घरासमोरचे सात ठिपके आजूबाजूच्या गल्ल्यांतून गोळा होऊन आलेले असू शकतात. उलट बाजूही आहे. मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या वर्षभराच्या फोनचा अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आल्याचं दिसलं. अख्ख्या वस्तीचा दर एखाद्या बारने किंवा एकाच इमारतीने वर ओढलेला असतो. तो पत्ता तुमच्या भिंतीला भिंत लावून आहे की चार गल्ल्या पलीकडे, हे सरासरी सांगत नाही.

दोन्ही आकड्यांना एक रोग सारखाच आहे: दोघेही फक्त नोंदलेले गुन्हे मोजतात. अमेरिकी सर्वेक्षणानुसार मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी साधारण तीनातला एकच पोलिसांपर्यंत पोचतो. गाडीची चोरी मात्र बहुतेक वेळा नोंदवली जाते, कारण विम्याला कागद लागतो. त्यामुळे ठाण्यावर विश्वास असलेल्या वस्तीचा आकडा मोठा आणि तक्रारच न करणाऱ्या वस्तीचा लहान दिसू शकतो. गुन्हे वाढणं वेगळं आणि पोलिसांकडच्या नोंदी वाढणं वेगळं, असा इशारा भारताच्या गुन्हे अहवालातही असतो.

लहान वस्तीत एकाच वर्षाचा आकडा तर धरूच नये. २७ घरफोड्या पुढच्या वर्षी २२ झाल्या किंवा ३२ झाल्या, तर बदललं काही असेलच असं नाही. एजंट पहिल्या बाबतीत ‘गुन्हेगारी १९ टक्क्यांनी घटली’ म्हणेल, दुसऱ्या बाबतीत गप्प बसेल. तीन वर्षांची बेरीज करून सरासरी काढा.

आणि घर बघायला जाल तेव्हा हॉल किती मोठा आहे हे नंतर बघा. आधी दाराच्या चौकटीवर कडीच्या जागेजवळ बोट फिरवा. जुन्या लाकडात वीतभर नवी पट्टी बसवलेली असेल, वर रंगाचा ताजा हात असेल, तर हे दार पूर्वी कधी फोडलं होतं का, असं मालकाला सरळ विचारा.