इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे दोषनिदान

ॲक्सिलरेटर पेडल आणि इंजिनाची हवेची झडप (थ्रॉटल) यांच्यामध्ये केबल नसलेल्या मोटारीत पिकअप न घेणे, आयडलिंग (पेडल न दाबता इंजिनाचा चालता वेग) वरखाली होणे, गाडी लिंप मोडला (इंजिनाची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवणाऱ्या सुरक्षित अवस्थेला) जाणे अशा तक्रारींचे मूळ शोधण्याची पद्धत. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंतच्या गॅरेजांत या तक्रारी बारमाही येतात आणि पावसाळ्यात वाढतात. ‘थ्रॉटल बॉडी (झडप आणि तिची मोटर असलेला भाग) गेली’ हा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. दोष बऱ्याचदा वायर, कपलर (वायरींचा जोड), अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडची जोडणी) किंवा बॅटरीत असतो. महागडा सुटा भाग बदलूनही तो तिथेच राहतो.

रचना : पेडलवर दोन सेन्सर असतात. प्रत्येकाला स्वतंत्र ५ व्होल्ट, स्वतंत्र अर्थ आणि स्वतंत्र सिग्नल, म्हणजे एकूण सहा पिना. बऱ्याच गाड्यांत एका सिग्नलचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो : पाय काढलेला असताना साधारण ०.७५ आणि ०.३७, पूर्ण दाबल्यावर ३.८ आणि १.९ च्या आसपास. थ्रॉटल बॉडीत डी.सी. मोटर, प्लॅस्टिकचे गिअर, स्प्रिंग आणि झडपेची स्थिती सांगणारे दोन सेन्सर असतात. हे दोन सिग्नल बहुधा उलट चालतात. एक ०.५ वरून ४.५ कडे चढतो, दुसरा तितकाच उतरतो आणि बेरीज कायम ५ च्या जवळ राहते. काही बनावटींत दोन्ही चढतात, तर अलीकडच्या काही गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो आणि तिथे व्होल्टमीटर उपयोगाचा नाही. म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा समोर हवाच. दोन सेन्सरांचा मेळ बसला नाही, तर ई.सी.यू. (इंजिनाचा नियंत्रक संगणक) मोटरचा पुरवठा तोडतो. मग स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. इंजिन चालते, पण पेडल दाबून वेग जेमतेम मिळतो. ही बिघाड झाल्यावरची सुरक्षा आहे, खुद्द बिघाड नव्हे.

कोडचा अर्थ (ई.सी.यू. नोंदवतो ते बिघाडाचे क्रमांक, गाडीला स्कॅनर लावून वाचता येतात) : पी २१३५ म्हणजे झडपेच्या दोन सेन्सरांत विसंगती, पी २१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांत. पी २१२२ आणि पी २१२७ पेडलच्या सिग्नलचा व्होल्टेज कमी असल्याचे सांगतात, पी २१२३ आणि पी २१२८ जास्त असल्याचे. पी २१११ आणि पी २११२ हे झडप अनुक्रमे उघडी व बंद अडकल्याचे कोड; तिथे काजळी किंवा गिअरचा दात पाहावा. पी ०६४१ दिसला, तर आधी ५ व्होल्टची सामाईक लाइन तपासावी. ती एखाद्या भलत्याच सेन्सरमध्ये शॉर्ट झाली असेल, तर थ्रॉटलचेही कोड येतात. सेन्सरांचे कपलर एकेक करून काढावेत. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत आले, तो दोषी. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबतचा फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) उतरवून घ्यावा. त्या क्षणीचा आर.पी.एम., गाडीचा वेग आणि बॅटरी व्होल्टेज पुढची निम्मी वाट दाखवतात.

तपासणी : सुरुवात बॅटरीपासून. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ असावा. इंजिन चालू ठेवून इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यात मीटर लावल्यास ०.१ व्होल्टहून जास्त दिसता कामा नये. दिसला, तर अर्थची पट्टी उघडून घासावी. पेडलखाली एकावर एक दोन मॅट टाकल्या असतील, तर त्या काढून पुन्हा पाहावे. मग स्कॅनरवर दोन्ही सिग्नल आलेखात लावून पेडल अगदी सावकाश दाबावे. रेघ सलग चढायला हवी. मध्येच खाच पडली, तर तिथे सेन्सरची पट्टी झिजली आहे. खाच नसेल, तर वायरचा जुडगा हाताने हलवत राहावे. रेघ उडाली की दोषाची जागा बोटाखाली असते.

पी २१२२ सारख्या ‘कमी’च्या कोडला एक सोपी कसोटी आहे. इग्निशन बंद करून पेडलचा कपलर काढावा, वायरिंगच्या बाजूने सिग्नलची पिन त्याच सेन्सरच्या ५ व्होल्टच्या पिनेला फ्यूज असलेल्या जंपरने (जोडवायरीने) जोडावी आणि इग्निशन चालू करावे. कोड ‘जास्त’मध्ये बदलला, तर वायर आणि ई.सी.यू. ठीक आहेत, खोट पेडलच्या सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पकडीत आहे. जंपर लावण्यापूर्वी पिन नक्की कोणती, हे नकाशावरून दोनदा ताडून पाहावे. चुकून भलत्याच पिनेला लागला, तर ई.सी.यू. जाऊ शकतो.

स्थानिक कारणे : २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर एक गोष्ट ठळक झाली. केबिनमध्ये पाणी घोट्याएवढे चढले, तरी ते पेडलच्या कपलरला गाठू शकते. गाडी वाळवून सुरू होते, काही आठवड्यांनी पी २१३८ येतो. कपलर उघडला, तर पिनांवर हिरवट क्षार आणि गाळाची पुटे दिसतात. नुसता स्प्रे मारून भागत नाही. तांबे वायरच्या आवरणाखाली काळे पडलेले असते. निरोगी तांबे लागेपर्यंत वायर कापून नवी टर्मिनल बसवावी लागते. गगनबावड्याकडच्या पावसात विंडशील्डखालच्या निचऱ्यात पाने अडकून पाणी आत उतरते, त्याचाही परिणाम तोच. उसाच्या शेतालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात. बाहेरून बसवलेल्या सी.एन.जी. किटसाठी काही ठिकाणी थ्रॉटल सेन्सरच्या वायरीला जोड मारून नुसती टेप गुंडाळलेली असते. पी २१३५ असलेल्या अशा गाडीत पहिली नजर त्या जोडावर टाकावी.

डिझेल गाड्यांत पेडल असेच असते आणि त्याचे कोडही तेच. मात्र हवेच्या वाटेतली झडप मुख्यतः ई.जी.आर.साठी (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्यासाठी) आणि इंजिन शांतपणे बंद करण्यासाठी असते. पिकअपची तक्रार तिच्या माथी लगेच मारू नये.

सफाई व बदल : काजळी काढताना थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घ्यावा; झडपेच्या दांड्यावर थेट फवारल्यास तो सेन्सरच्या बाजूला उतरतो. कपलर जोडलेला आणि इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नये. मोटर अचानक झडप मिटते आणि बोट चेचते. सफाईनंतर आयडलिंग वाढले, तर घाबरण्याचे कारण नाही. काजळीमुळे ई.सी.यू.ने झडप जास्त उघडी ठेवायला शिकलेले असते. स्कॅनरने थ्रॉटल लर्निंग (ई.सी.यू.ला झडपेची स्थिती नव्याने शिकवणे) करून द्यावे. त्या वेळी ए.सी. व दिवे बंद, इंजिन गरम आणि पेडलवर पाय नको. लर्निंगनंतरही आयडलिंग चढेच असेल, तर झडप आणि इंजिन यांच्यामध्ये कुठून तरी हवा शिरते आहे का, ते पाहावे. गिअरचा दात तुटला किंवा सेन्सरची पट्टी झिजली असेल, तरच थ्रॉटल बॉडी बदलावी. भंगारातून जुनी घेताना तिचा पार्ट नंबर जुळवावा. दिसायला सारख्या दोन बॉडींत सिग्नलची दिशा वेगळी निघू शकते. बसवल्यावर लर्निंग करून पन्हाळ्याच्या चढावर भार देऊन गाडी चालवावी आणि खाली उतरल्यावर प्रलंबित कोड (नोंदले गेलेले, पण अजून पक्के न झालेले) पुन्हा वाचावेत.