म्हाताऱ्या उंदराच्या रक्तात नेमके काय बदलते?

प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराचे वजन साधारण पंचवीस ग्रॅम आणि अंगात रक्त जेमतेम दोन मिलिलीटर, म्हणजे अर्धा चमचाही नाही. पण वार्धक्याविषयी आपल्याला आज जे कळले आहे, त्यातले बरेचसे या अर्ध्या चमच्यातून आले. हा प्राणी दोन-अडीच वर्षेच जगतो. तीन महिन्यांचा उंदीर ऐन विशीतला, तर दोन वर्षांचा सत्तरीला टेकलेला समजतात. त्यामुळे त्याचा जन्म ते म्हातारपण हा सगळा प्रवास एका संशोधकाला दोन-तीन वर्षांत पाहता येतो.

वय वाढलेल्या उंदराचे रक्त तपासले, की हिमोग्लोबिन थोडे उतरलेले दिसते. पांढऱ्या पेशींचा तोल बदललेला असतो. नव्या जंतूंची ओळख ठेवणाऱ्या लिम्फोसाइट पेशी कमी तयार होतात, तर दाह निर्माण करणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते. याचे मूळ हाडांच्या आत, अस्थिमज्जेत आहे. तिथल्या रक्त बनवणाऱ्या मूलपेशी म्हातारपणी संख्येने घटत नाहीत, उलट वाढतात. मात्र एकेकीची कुवत खालावलेली असते. अशा पेशी दुसऱ्या उंदरात रोपण केल्या तर त्या नीट रुजत नाहीत, आणि रुजल्या तरी त्यांचा कल लिम्फोसाइटऐवजी दाहाच्या पेशी बनवण्याकडेच राहतो. रक्तद्रवही, म्हणजे प्लाझ्माही, तसाच राहत नाही. त्यात दाहाचे संदेश वाहणारी प्रथिने साचत जातात.

आता खरा प्रश्न. शरीर थकते म्हणून रक्त बदलते, की बदललेले रक्तच शरीराला थकवते? नुसत्या रक्ततपासणीने याचे उत्तर मिळणार नाही. त्यासाठी तरुण शरीरात म्हातारे रक्त आणि म्हाताऱ्या शरीरात तरुण रक्त फिरवून पाहावे लागेल.

तसे करण्याची पद्धत जुनी आहे, आणि ऐकताना अंगावर काटा येतो. दोन प्राण्यांच्या कुशीवरची त्वचा उघडून ती एकमेकांना शिवायची. जखम भरताना बारीक रक्तवाहिन्या जुळतात आणि दोघांचे रक्त एक होते. फ्रान्समध्ये पॉल बर्ट यांनी १८६४ मध्ये हा प्रयोग केला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी रॅट या थोराड उंदरांच्या ६९ जोड्या अशा जोडल्या. त्यातल्या ११ जोड्या जोडणीनंतर उद्भवणाऱ्या एका आजाराने दगावल्या. दोघांचे जमले नाही तर एक दुसऱ्याचे डोके कुरतडून टाकी. या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हे विसरू नये असे मला मनापासून वाटते. आज भूल, वेदनाशमन आणि देखरेखीचे नियम कडक आहेत, तरी शस्त्रक्रिया तीच आहे.

२००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इरिना आणि मायकेल कॉनबॉय, थॉमस रँडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पुन्हा हाती घेतली. म्हातारा उंदीर तरुणाशी पाच आठवडे जोडला, मग त्याच्या पायाच्या स्नायूला इजा केली. एरवी म्हाताऱ्याचा स्नायू नीट भरून येत नाही, तंतुमय व्रण राहतो. इथे तो जवळपास तरुणासारखा भरून आला. यकृताच्या पेशींनाही उभारी आली. तरुणाच्या पेशी तिथे जाऊन काम करत असतील का? ही शंका त्यांना आधीच आली होती. म्हणून त्यांनी हिरव्या चमकणाऱ्या पेशींचे तरुण उंदीर घेतले होते. भरलेल्या स्नायूत हिरवी चमक जवळजवळ नव्हतीच. दुरुस्ती म्हाताऱ्याच्या स्वतःच्याच मूलपेशींनी केली होती. त्या मेल्या नव्हत्या, संपल्या नव्हत्या. त्यांच्याभोवतीचे रक्त बदलले आणि त्या कामाला लागल्या. या विषयातला सगळ्यात मोठा शोध मी यालाच मानतो.

पण वर्तमानपत्रांनी उचलले ते ‘तरुण रक्त’. ययातीची गोष्ट आपल्या मनात इतकी मुरलेली, की तारुण्य एकाकडून दुसऱ्याला देता येते हे चटकन पटते. त्याच गोष्टीत पुरू म्हातारा होतो, तिकडे मात्र लक्ष कमी जाते. प्रयोगांतल्या पुरूचेही तेच झाले. २०११ मध्ये सॉल व्हिलेडा आणि टोनी वायस-कोरे यांनी दाखवले, की म्हाताऱ्याशी जोडलेल्या तरुण उंदराच्या मेंदूत नव्या चेतापेशी कमी बनतात. म्हाताऱ्या रक्तात वाढलेले सीसीएल११ नावाचे एक प्रथिन नुसते टोचले, तरी तरुणांची स्मरणशक्ती मंदावली.

शिवण्यात आणखी एक घोळ आहे. म्हाताऱ्याला तरुणाचे केवळ रक्त मिळत नाही, त्याचे यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे हे सगळेच वापरायला मिळते. म्हणून २०१६ मध्ये कॉनबॉय यांच्या बर्कलीतल्या गटाने शिवणे सोडून दिले आणि एका छोट्या यंत्राने दोन उंदरांमध्ये निम्मे रक्त एकदाच अदलाबदल केले. काही दिवसांतच फरक दिसला. म्हाताऱ्याचा स्नायू बरा भरला, पण त्याच्या मेंदूतल्या नव्या पेशी वाढल्या नाहीत. तरुणाच्या मेंदूतल्या मात्र ठळकपणे घटल्या आणि त्याची ताकदही कमी झाली. तरुण रक्ताच्या फायद्यापेक्षा म्हाताऱ्या रक्ताचा तोटा भारी ठरला.

२०२० मध्ये याच गटाने त्याहून सोपा प्रयोग केला. म्हाताऱ्या उंदराचा निम्मा प्लाझ्मा काढून त्या जागी मिठाचे पाणी आणि अल्ब्युमिन हे रक्तातलेच एक प्रथिन भरले. तरुण रक्ताचा थेंबही नाही. तरी स्नायूची दुरुस्ती सुधारली, यकृतातली चरबी आणि व्रण घटले, मेंदूत नव्या पेशी वाढल्या. तुंबलेल्या गटारात वरून गंगाजल ओतण्यापेक्षा आधी गाळ काढावा, असाच याचा अर्थ मला लागतो. तरुण रक्तात उपयुक्त काही नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. २०२३ मध्ये व्हिलेडा यांच्या गटाने प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या कणांमधले पीएफ४ हे प्रथिन म्हाताऱ्या उंदरांना दिले आणि त्यांच्या मेंदूतला दाह उतरला. दुसरीकडे जीडीएफ११ या प्रथिनाचा २०१३ पासून खूप गाजावाजा झाला, तो दोन वर्षांत वादात सापडला, कारण मोजणीची चाचणी त्याच्यात आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या प्रथिनात भेदच करत नव्हती.

या कथेत मुंबईही आहे. हॅरोल्ड कॅचर यांनी मुंबईत म्हाताऱ्या रॅटना तरुण डुकराच्या प्लाझ्मातला एक अंश टोचला. डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून वय मोजणारे स्टीव्ह होर्व्हाथ त्यांच्यासोबत होते. रक्त, यकृत आणि हृदय यांचे या मापाने काढलेले वय निम्म्याहून खाली आले, असे त्यांनी २०२० मध्ये मांडले. निकाल थक्क करणारा आहे. पण एका गटात सहाच रॅट होते, आणि ज्यांना हे उत्पादन विकसित करायचे आहे तेच प्रयोगात होते. दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळांनी मोठ्या संख्येवर हे करून दाखवले पाहिजे.

दरम्यान अमेरिकेत तरुण दात्यांचा प्लाझ्मा हजारो डॉलरना विकला जाऊ लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, लोकांना सावध केले: वार्धक्यावर याचा उपयोग सिद्ध नाही आणि ॲलर्जी, फुप्फुसाची इजा, संसर्ग हे धोके खरे आहेत.

एक निकाल या गर्दीत झाकला गेला. स्नायू आणि यकृत यांना तरुण रक्ताने उभारी येते, पण ज्या मूलपेशी रक्त बनवतात त्यांना येत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एमॅन्युएल पॅसेग्वे यांच्या गटाने २०२१ मध्ये म्हाताऱ्या उंदरांवर तरुणाशी जोडणी, व्यायाम, कमी आहार असे सगळे उपाय करून पाहिले. मज्जेतल्या मूलपेशी ढिम्म हलल्या नाहीत. म्हणजे बाहेरून आणलेले रक्त काही काळ पुरेल, कारखाना मात्र जुनेच रक्त बनवत राहील. मग या गटाने मज्जेतच शोध घेतला. तिथल्या आधार देणाऱ्या पेशींमध्ये इंटरल्यूकिन-१ या दाहाचा संदेश वाहणाऱ्या प्रथिनामुळे सतत धुमसणारा दाह सापडला. तो संदेश अडवल्यावर म्हाताऱ्या मूलपेशींचे काम सुधारले. त्यासाठी वापरलेले ॲनाकिन्रा हे औषध संधिवाताच्या रुग्णांना आधीपासून दिले जाते.