टॉवर हाउसच्या अंगणात कुदळ मारायच्या आधी: स्कॉटलंडमधली परवानगी कशी घ्यायची

स्कॉटलंडच्या गावाकडे जागा घेतली किंवा भाड्याने घेतली आणि आवारात जुना दगडी टॉवर (टॉवर हाउस, म्हणजे राहण्यासाठी बांधलेला तटबंद बुरूज) उभा आहे, तर बहुतेकांना एवढं माहीत असतं की टॉवरला हात लावायचा नाही. घोळ होतो तो अंगणात. टॉवरभोवती तटाची भिंत घालून बंद केलेलं जे आवार असायचं त्याला तिकडे बार्मकिन म्हणतात, आपल्या गढीच्या आतलं आवार डोळ्यासमोर आणा, दरोडा पडला की गुरंढोरं आणि माणसं आत घ्यायची आणि दार लावायचं. १५३५ साली, पाचवा जेम्स राजा असताना, तिथल्या पार्लमेंटने कायदाच केला की इंग्लंडलगतच्या सीमाभागात १०० पौंड आकारणीची जमीन असलेल्या प्रत्येकाने दगडचुन्याचा बार्मकिन बांधायचा, ६० फूट चौरस आणि सहा एल उंच म्हणजे साधारण साडेपाच मीटर, आणि आत टॉवर बांधायचा तो वाटलं तर. अंगण कंपल्सरी, टॉवर ऑप्शनल! आज उलटं झालंय, टॉवर दिसतो आणि अंगणाची भिंत पडून वर गवत आलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं की ही साधी लॉन आहे. केल्सोजवळच्या स्मेलहोम टॉवरला १९८० च्या आसपास उत्खनन झालं तेव्हा बार्मकिनच्या आत दालन आणि स्वैपाकघराचे पाये निघाले होते.

तर पहिलं काम, हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेच्या वेबसाईटवर जाऊन आपली जागा नकाशावर शोधा. फुकट आहे. नोंदीचा नंबर एसएम ने सुरू होत असेल तर ते शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित स्मारक, एलबी ने असेल तर लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे वारसा यादीतली इमारत, आणि पुढची सगळी प्रक्रिया या दोन अक्षरांवर ठरते.

टॉवरमधे कोणी राहत असेल तर ते राहतं घर शेड्यूल होत नाही, पुरातन स्मारकांच्या १९७९ च्या कायद्यातच तसं आहे (राहणारा नुसता केअरटेकर असेल तर गोष्ट वेगळी). पण घराभोवतीची जमीन शेड्यूल होऊ शकते. म्हणजे घर लिस्टेड आणि अंगण शेड्यूल्ड, एकाच उंबऱ्याच्या आत आणि बाहेर दोन कायदे, असं होऊ शकतं. नकाशावरची रेघ नीट बघा आणि नोंदीतला मजकूरही पूर्ण वाचा, कारण बऱ्याच नोंदींत आधुनिक कुंपणाचा जमिनीवरचा भाग किंवा वाटेचा वरचा थर वगळलेला असतो आणि तेवढ्यावर तुमचं अर्धं टेन्शन जातं.

अंगण शेड्यूल्ड असेल तर लागते शेड्यूल्ड मॉन्युमेंट कन्सेंट, म्हणजे त्याच संस्थेची लेखी परवानगी. कशाला लागते? पाडणं, खणणं, भर टाकणं, काही नवीन जोडणं हे तर आलंच, पण दुरुस्तीलाही लागते. हे लोकांना पटतच नाही, ‘अहो पडलेले दगडच परत लावतोय’ म्हणतात, तरी लागते. कुंपणाचा खांब, ड्रेनेजचा पाइप, झाड लावायचा खड्डा, सगळ्याला विचारायचं. चालू असलेली शेतीची कामं किंवा जिवाला धोका असेल तर तातडीचं काम अशा काही गोष्टींना कायद्यातच सरसकट परवानगी आहे, पण तिच्याही अटी आहेत, आपण त्यात बसतो का हे आधी विचारून घ्या आणि तातडीचं काम केलंच तर लगेच लेखी कळवा.

अर्ज कोणीही करू शकतो, मालकच हवा असं नाही, मात्र मालक नसाल तर मालकाला रीतसर नोटीस दिल्याचं सर्टिफिकेट अर्जासोबत जोडावं लागतं. बाकी कागदपत्रं म्हणजे भरलेला फॉर्म, जागेचा नकाशा, कामाची ड्रॉइंग्ज, फोटो, आणि काम कसं करणार याचं सविस्तर वर्णन. माझ्या मते निम्मा अर्ज या वर्णनातच असतो, ‘भिंत दुरुस्त करणे’ एवढं लिहून चालत नाही, चुना कुठला, खड्डा किती खोल, मशीन कुठून आत आणणार हे लिहा. खणायचं असेल तर बहुतेक वेळा पुरातत्त्वज्ञाकडून कामाचा लेखी आराखडा करून घ्यावा लागतो, त्याचे पैसे तुमचे. अर्जाला फी नाही. आधी कच्चा अर्ज दाखवून बोलून घ्या, त्याने खूप वेळ वाचतो. पूर्ण अर्जावर साधारण ८ आठवड्यांत निर्णय द्यायचा संस्थेचा प्रयत्न असतो, आणि मिळालेली परवानगी ५ वर्षांत काम सुरू केलं नाही तर संपते. नकार आला किंवा अटी जाचक वाटल्या तर ३ महिन्यांत स्कॉटिश मिनिस्टर्सकडे, म्हणजे तिथल्या सरकारकडे, अपील. प्लॅनिंग परमिशन लागत असेल तर ती वेगळी, कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून.

अंगण शेड्यूल्ड नाही पण टॉवर लिस्टेड आहे, तेव्हा लिस्टेड इमारतींचा १९९७ चा कायदा. लिस्टेड इमारतीच्या आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीपासूनची बांधकामं, म्हणजे तटाची जुनी भिंतसुद्धा, नोंदीत मुद्दाम वगळली नसतील तर लिस्टिंगमधे धरतात. इथे अर्ज कौन्सिलकडे. लिस्टेड इमारतींना महत्त्वाप्रमाणे ए, बी, सी अशी कॅटेगरी असते, ती बघून ‘आमचं सी आहे, चालतंय’ असं समजू नका, कायदा तिघांना सारखाच.

आपल्याकडे शनिवारवाड्याभोवती १०० मीटरचा नियम सगळ्यांना पाठ आहे, तसं ठरलेलं अंतर तिकडे नाही. रेघेबाहेर बांधायचं असेल तर स्मारकाच्या आसपासच्या दृश्यावर काय परिणाम होतो हे प्लॅनिंगच्या वेळी बघतात.

विनापरवानगी काम हा फौजदारी गुन्हा आहे, शेड्यूल्ड जागेत खालच्या कोर्टातसुद्धा ५०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि हो, पोरांना मेटल डिटेक्टर घेऊन दिला असेल तर शेड्यूल्ड अंगणात तो चालवायलाही वेगळी लेखी परवानगी लागते.

एखादं अंगण अजून नोंदीतच नसेल तर ते शेड्यूल करा असा प्रस्ताव त्याच संस्थेकडे कोणीही पाठवू शकतं, तुम्ही शेजारी असलात तरी. कसोटी राष्ट्रीय महत्त्वाची, मालकाची संमती लागत नाही, पण मालक किंवा भाडेकरू निर्णयाविरुद्ध अपील करू शकतो, तेही ३ महिन्यांतच.