कोकणातलं भाड्याचं घर: कमर्शियल प्लाय कुठे चालेल, मरीन कुठे लागेल

मालवण असो, गुहागर, दिवेआगर किंवा अलिबाग, किनाऱ्यालगतचं घर पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी सजवायला घेतलं की पैशाचा मोठा वाटा प्लायवूडच्या फर्निचरमध्ये जातो. आणि नेमकी तीच खरेदी सगळ्यांत जास्त अंदाजाने होते. दुकानदार दोन शीट समोर उभ्या करतो. दोन्ही आठ बाय चारच्या, दोन्ही 18 मिलिमीटर जाड, दोन्हींवर तसाच गुळगुळीत लालसर थर. एक कमर्शियल, दुसरी मरीन. भावात चांगलाच फरक. वर सांगितलंही जातं, ‘तशा दोन्ही वॉटरप्रूफच आहेत.’ सनमायका चढल्यावर तर कोणती कुठे लागली हे वरून कुणालाच ओळखता येत नाही. ते ओळखू येतं पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यानंतर.

लाकडाच्या पातळ थरांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या ग्लूत खरा फरक आहे. कमर्शियल प्लाय म्हणजे आयएस 303 या भारतीय मानकातला एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड. त्यात सहसा युरिया फॉर्मल्डिहाइड वापरतात. तो हवेतला दमटपणा सोसतो; साचलेलं पाणी सोसणं हे त्याचं कामच नाही. त्याची कसोटी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन तासांची. मरीन प्लायला आयएस 710 हे वेगळं मानक आहे, ग्रेड बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ). त्यात फिनॉल फॉर्मल्डिहाइड असतो आणि उकळत्या पाण्यात 72 तास ठेवूनही थर सुटता कामा नयेत, अशी अट असते. शिवाय बुरशी आणि वाळवीविरुद्धची प्रक्रिया हा मरीनच्या मानकाचाच भाग आहे. कमर्शियल शीटमध्ये ती झालीच असेल असं धरून चालू नये.

गोंधळ वाढवते ती या दोघींच्या मधली शीट, बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट). ती उकळत्या पाण्यात आठ तास टिकते, म्हणजे एमआरपेक्षा कितीतरी भक्कम. पण तिचंही मानक आयएस 303च. त्यामुळे शीटवर आयएसआयचं चिन्ह आणि 303 एवढंच वाचून निघालात तर हातात एमआर आली की बीडब्ल्यूआर, हे कळणारच नाही. ग्रेडची अक्षरं वाचावीच लागतात. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ हा ग्रेड नाही. तो दुकानातला शब्द आहे आणि तो तिन्हींना लावला जातो.

पुण्यातल्या किंवा नाशिकच्या राहत्या घरात कमर्शियल प्लायचं कपाट वर्षानुवर्षं नीट राहतं, म्हणून तोच हिशोब कोकणातल्या घराला लावला जातो. तो चुकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. नेमकं याच काळात पाहुणे कमी आणि घर बहुतेक बंद. जांभ्याच्या भिंती ओल धरतात. राहत्या घरात चूल पेटते, पंखे फिरतात, खिडक्या उघडतात. बंद घरात ती ओल आत कोंडून राहते आणि भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या पाठीत शिरते. म्हणून कोणतीही शीट वापरा, कपाट भिंतीपासून इंचभर सुटं ठेवायला सुताराला आधीच सांगा. या सूचनेला एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या कामातली ही सगळ्यांत उपयोगी सूचना आहे.

दुसरी गोष्ट पाहुण्यांच्या वावराची. समुद्रावरून आलेले ओले कपडे कपाटाच्या दारावर टाकले जातात, वाळूने भरलेली ओली बॅग सरळ खालच्या कप्प्यात जाते. एक कुटुंब गेलं आणि दुसरं यायचं आहे, मधल्या दोन-तीन तासांत घर सांभाळणारी बाई भरपूर पाणी घेऊन फरशी पुसते. तिचं काहीच चुकत नाही. भाड्याचं घर तसंच पुसावं लागतं. पण हे पाणी रोज जातं कुठे? कपाटाच्या आणि पलंगाच्या तळाला. फर्निचर नेहमी खालून फुगतं. आधी सनमायकाची कड उचलते, मग प्लायचे पापुद्रे सुटतात, मग दार घासायला लागतं.

म्हणजे प्रश्न पाणी कुठे लागणार एवढाच आहे. सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या दाराजवळचं काहीही, बेसिनखालचं खण, पडवीतला बाक: इथे मरीनच, घासाघीस न करता. कपाटांसाठी मात्र पूर्ण मरीन लावायची गरज नसते. कपाट थेट फरशीवर बसवण्याऐवजी खाली चार इंचांची वेगळी बैठक घ्या, कडाप्प्याची किंवा मरीनच्या पट्ट्यांची, आणि वरचा सांगाडा बीडब्ल्यूआरमध्ये करा. बैठक कधी खराब झालीच तर तेवढीच बदलता येते. पलंगाची फळी जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून लांब आणि गादीखाली मोकळी असेल, तर तिथेही बीडब्ल्यूआर पुरते. कमर्शियल एमआर मी किनाऱ्यालगतच्या घरात फक्त आतल्या भिंतीवरच्या उंच उघड्या फळ्यांसाठी आणि कोरड्या खोलीतल्या टीव्हीमागच्या पॅनेलसाठी वापरू देईन. त्याच्या खाली नाही.

‘पण बजेट?’ इथे थोडं गणित करून बघा. सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल कपाटाला बाजू, मधला पार्टिशन, वरखालच्या फळ्या, चार कप्पे आणि दारं मिळून साधारण 132 चौरस फूट प्लाय लागतो, पाठ वेगळी. एक शीट 32 चौरस फुटांची, म्हणजे चार शीटांहून थोडं जास्त, वर कापातली तूट. आता सुताराची मजुरी, सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल, हँडल यांचा खर्च शीट कोणतीही असली तरी तेवढाच. हलकी शीट घेतल्याने वाचतो तो एकूण खर्चाचा एक तुकडा, आणि कपाट फुगलं की मजुरी आणि सनमायका दोन्ही पुन्हा मोजावे लागतात, तेही सीझनमध्ये खोली बंद ठेवून.

खरी बचत फर्निचर कमी करण्यात आहे. दोन रात्रींसाठी आलेल्या कुटुंबाला सात फुटी कपाट लागत नाही. त्यांना भिंतीवर भक्कम खुंट्या हव्या असतात, कपडे टांगायला एक दांडी, बॅग ठेवायला गुडघ्याइतका उंच कट्टा, आणि ओल्या कपड्यांसाठी पडवीत दोरी. दोन खोल्यांतली दोन मोठी कपाटं गाळली की आठ-नऊ शीट वाचल्या. त्या पैशात सिंकखाली आणि बेसिनखाली मरीन सहज बसते. आणि जिथे प्लाय लागतच नाही तिथे तो घालू नये. ओट्याखाली कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. त्यांना ना वाळवी लागते ना पाणी. खिडकीखाली जांभ्याचा किंवा विटांचा बांधीव कट्टा करून त्यावर गादी टाकली, तर तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या झोपण्याची सोय होते. आजोबांच्या वेळचा फणसाचा किंवा सागाचा पलंग माळ्यावर पडून असेल तर तो खाली काढा, पॉलिश करा. पाहुण्यांना अशी वस्तू आवडते आणि किनाऱ्यावरच्या हवेचीही तिला सवय झालेली असते.

मरीनकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नयेत. बंद घरात पावसाळ्यात फर्निचरवर पांढरट बुरशी धरते, ती सनमायकाच्या आणि धुळीच्या वर. शीट कितीही चांगली असली तरी ती येते. त्याला उपाय हवा खेळती ठेवण्याचा आणि महिन्यातून एकदा कुणीतरी घर उघडून पुसण्याचा. खारी हवा बिजागऱ्या आणि स्क्रू खाते. तिथे 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा, साध्या लोखंडी स्क्रूंनी मरीन प्लाय ठोकण्यात अर्थ नाही. कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर पाणी तिथूनच आत जातं, म्हणून सिंकच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकासकट प्रत्येक कड सील झाली पाहिजे. हे भोक सुतार हमखास विसरतो. वासाचंही सांगायला हवं: युरियावाल्या ग्लूमधून फॉर्मल्डिहाइड जास्त सुटतो, आणि बंद खोली उघडल्यावर नाकात जो झोंबणारा दर्प येतो त्यात याचा वाटा असू शकतो. पाहुणा घरात शिरताना आधी वास घेतो, मग पडदे बघतो.

ओळखायचं कसं? कडेचा गडद लाल-तपकिरी रंग बघून नाही, कारण रंग देऊनही तसा दिसतो. शीटवर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक, ग्रेड आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि कोणत्या मालासाठी आहे ते दिसतं. नुसतं ‘710 ग्रेड’ लिहिलेली, पण चिन्ह आणि परवाना क्रमांक नसलेली शीट भरपूर विकली जाते. ती घेऊ नका. शंका उरलीच तर दुकानातून हातभर तुकडा मागून घ्या, त्यातला बिस्किटाएवढा भाग कापून जुन्या भांड्यात काही तास उकळा. एमआरचे थर सुटायला लागतील. मरीनला काही होणार नाही.

आणि बिलावर ‘प्लाय 18 मिमी’ एवढंच लिहून घेऊ नका. ब्रँड, मानक, ग्रेड आणि शीटची संख्या, सगळं लिहायला लावा. माल टेम्पोतून उतरला की सुतार करवत चालवण्याआधी प्रत्येक शीटवरचा शिक्का वाचा, कारण कापलेली शीट कोणताच दुकानदार परत घेत नाही.