आरोपाविना कैद, उपोषण आणि ‘तीव्र चिंता’

आणीबाणीतल्या मिसा कायद्यामुळे मराठी घरांत ‘स्थानबद्ध’, म्हणजे आरोपाविना कैदेत, हा शब्द रुळला. वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी घरांत तो त्याआधीपासून आहे. त्याचे मूळ ब्रिटिशांनी १९४५ मध्ये पॅलेस्टाइनला लावलेल्या आणीबाणीच्या नियमांत सापडते. आज तिथे इस्रायलचा लष्करी आदेश क्रमांक १६५१ चालतो. लष्करी अधिकारी एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांचा आदेश काढतो आणि काही दिवसांत लष्करी न्यायाधीश तो तपासतो. पुरावा गोपनीय असल्याने तो कैद्यालाही दिसत नाही, त्याच्या वकिलालाही नाही. मुदत संपली की नवा आदेश निघू शकतो आणि असे किती वेळा करायचे याला मर्यादा नाही. खबऱ्यांची नावे उघड करता येत नाहीत, म्हणून हा मार्ग लागतो, असे इस्रायलचे म्हणणे. चौथ्या जिनिव्हा करारातील कलम ७८ अशा कैदेला मुभा देते, पण सुरक्षेची निकड असेल तरच. युरोपीय संघाचा आक्षेप आहे तो या अपवादाच्या सर्रास वापराला.

या आक्षेपाला धार आली ती खादर अदनान या पॅलेस्टिनी कैद्यामुळे. इस्लामिक जिहाद या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना १७ डिसेंबर २०११ रोजी अटक झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडले. युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणप्रमुख कॅथरिन अॅश्टन यांनी चिंता व्यक्त केली ती फेब्रुवारीत, उपोषणाला दोन महिने होत आले तेव्हा. ६६व्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होण्याआधी, तडजोड झाली: नवा पुरावा आला नाही तर १७ एप्रिलनंतर मुदत वाढवायची नाही. कायदा होता तसाच राहिला, बदलली फक्त एका माणसाच्या सुटकेची तारीख. त्याच १७ एप्रिलला हजाराहून अधिक कैद्यांनी उपोषण सुरू केले. इजिप्तच्या मध्यस्थीने १४ मे रोजी ते मिटले, आणि त्यातली एक अट अशीच होती.

अशी चिंता व्यक्त करताना दूतावासांना घाई करावी लागते ती शरीराच्या गणितामुळे. पाणी आणि मीठ घेणारा माणूस साधारण दोन महिने तग धरतो. १९८१ मध्ये उत्तर आयर्लंडमधले दहा कैदी ४६ ते ७३ दिवसांत गेले. शंभर दिवसांच्या पुढची उपोषणे ऐकू येतात, तिथे बहुधा मधूनमधून जीवनसत्त्वे किंवा सलाइन घेतलेले असते. ब-१ जीवनसत्त्व संपले की नजर आणि तोल जातो. उपोषण सोडतानाही धोका असतोच: एकदम पोटभर दिले तर रक्तातले फॉस्फेट कोसळते आणि हृदय बंद पडू शकते.

२०१५ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, उपोषण करणाऱ्या कैद्यांना बळजबरीने अन्न देण्याला परवानगी देणारा कायदा केला. इस्रायलच्याच वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांना तो न पाळण्यास सांगितले. त्याच वर्षी मोहम्मद अल्लान या उपोषण करणाऱ्या स्थानबद्ध पॅलेस्टिनी कैद्याच्या प्रकरणात न्यायालयाने दुसरी वाट काढली. स्थानबद्धतेचा आदेश रद्द न करता स्थगित केला: कैदी रुग्णालयातच राहणार, नातेवाईक भेटू शकणार. बाहेरच्या जगाला ही सुटका वाटली. अल्लान बरे होऊन निघाले तेव्हा त्यांना पुन्हा ताब्यात घेतले गेले.

अदनान २ मे २०२३ रोजी, ८६ दिवसांच्या उपोषणानंतर, कैदेत असताना वारले. या खेपेला त्यांच्यावर रीतसर आरोपपत्र होते.